जीपच्या पुढच्या सीटवरचा माणूस

चिन्नकोटाला, नंद्यालजवळ
शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९९०, सकाळी ६ वाजून १० मिनिटे

कोटेश्वरीअक्काच्या पायाशी धाकट्या रत्नमचा नमस्कार.

आत्ताच तुझ्या यजमानांना, म्हणजे शेषूबावांना, मिशी लावून हात पुसले. गम धरेपर्यंत दहा मिनिटं त्यांनी तोंड हलवायचं नसतं. दिवसातली तेवढीच दहा मिनिटं शांततेची, म्हणून तेवढ्यात लिहितो.

आम्ही सुखरूप पोचलो. चित्र विनोदी आहे. एक शिंपी आणि एक दांडगा गावपुढारी दिसायला हुबेहूब सारखे असतात. शिंपी पुढाऱ्याचं सोंग घेऊन त्याच्या घरात शिरतो आणि बायको, नोकर, वैरी सगळे फसतात. दोन्ही कामं हिरोच करतो. दोघं समोरासमोर आले की एकाची फक्त पाठ लागते, आणि ती पाठ आपल्या बावांची. डूप, म्हणजे बदली नट, म्हणून नाव कुठेच येणार नाही, पण रोजची मजुरी आहे आणि दोन वेळचं जेवण आहे. नाचणीचे गोळे आणि शेंगदाण्याची चटणी. बावा म्हणतात, एक गोळा गिळला की संवाद वर येत नाही.

घर खरं आहे आणि पुढारीही खरा. नाव कोंडप्पा, पण गाव त्यांना पेद्दय्या म्हणतं. घर त्यांनी फुकट दिलंय. अटी दोनच. चित्रातल्या पुढाऱ्याचा पोशाख त्यांच्यासारखा हवा आणि त्याला कुणी थोबाडीत मारायची नाही. त्यांनी स्वतःचं पांढरं धोतर, पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हिरव्या काठाचा पंचा नमुन्याला दिला. मिशीचं माप मी त्यांच्या ओठावर दोरा धरून घेतलं. हात कापत होता.

"कापतोस कशाला रे?" ते म्हणाले. "कापायचं काम आमचं."

सगळे हसले, म्हणून मीही हसलो.

समोरच्या भिंतीला गावठी बॉम्बचे खड्डे आहेत, सिमेंटने बुजवलेले. मी मोजले, तेवीस. कालव्यापलीकडच्या गंगुलप्पाशी यांचं बारा वर्षांचं वैर. ट्रॅक्टर चालवणारा मद्दिलेटी मला सांगत होता, "आमचे चार गेले, त्यांचे पाच. सध्या आम्ही पुढे आहोत." धावसंख्या सांगावी तसं.

काल बावांना पूर्ण वेशात पाहून पेद्दय्या खुर्चीतून उठले. त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग त्यांना ओसरीवर उभं करून गावातल्या माणसांना आत बोलावलं. आलेला प्रत्येक जण चपला हातात घेऊन बावांपुढे वाकला. पेद्दय्या दाराआड पोट धरून हसत होते. बावा मला म्हणाले, "तेनालीत दुर्योधन केला तेव्हा लोक शेंगा फोडत बसायचे. इथे बघ, उभं राहतात."

दहा मिनिटं झाली. बावा बोलायला लागले. थांबतो.

तुझा,
वेंकटरत्नम

•

तेनाली
१४ फेब्रुवारी १९९०

रत्नम,

पत्र पोचलं. सातवा महिना लागलाय, पाय सुजलेत, बाकी बरी आहे. सासूबाई म्हणतात मुलगा होणार. कारण काय, तर मी चिडते फार.

तुझ्या बावांना मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. कीचक केला तेव्हा तीन दिवस घरात मला 'सैरंध्री, पाणी आण' म्हणत होते. दुर्योधनाच्या वेळी तर भाजीवाल्याशी भांडताना मांडीवर थाप मारली. ह्या माणसाला सोंग चढतं. नान्ना गेले, नाहीतर बाप म्हणून त्यांनीच सांगितलं असतं तुला, आयुष्यभर नट रंगवले त्यांनी. रंगपटातून बाहेर पडताना नटाच्या तोंडावर काही राहिलं तर दोष रंगवणाऱ्याचा.

तेव्हा मी सांगते. कॅमेरा थांबला की मिशी तू स्वतःच्या हाताने उतरवायची. मिशी घालून त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही. माझ्या पोटातल्या जिवाची शपथ आहे. तुझ्या बावांनाही घाल. ते हसतील. हसू देत.

बाजारातल्या फुलवालीचा भाऊ तिकडे दगडाच्या खाणीत होता. तो म्हणतो, तिथे बकरीवरून माणूस कापतात. खरं का? खोटं लिहू नकोस. तू खोटं लिहिलंस की अक्षर जास्तच चांगलं येतं, मला लगेच कळतं.

तुझी अक्का

•

चिन्नकोटाला
सोमवार, १९ फेब्रुवारी १९९०, दुपारी १ वाजून २५ मिनिटे, जेवणाच्या सुट्टीत

अक्काच्या पायाशी नमस्कार.

शपथ घातली. बावा हसले, पण कबूल झाले. रोज संध्याकाळी मिशी मी उतरवतो, स्पिरिटने तिची जाळी धुतो आणि डब्यात ठेवतो.

बकरीवरून कापतात हे खरं नाही. गुरुवारी शूटिंग बंद होतं. गावात एक मयत झाली होती. शुक्रवारी पुन्हा सुरू झालं. शिंपी पुढाऱ्याच्या बायकोच्या चोळीचं माप घेतो आणि तेवढ्यात खरा पुढारी येतो, असं दृश्य होतं. सगळं युनिट हसून लोळलं.

एक चांगली बातमी. पेद्दय्यांची बावांवर मर्जी बसलीय. परवा देवळाला जाताना त्यांनी बावांना आपल्या जीपमधून नेलं. जीपमध्ये बसायचा मान इथे सख्ख्या पुतण्यालाही मिळत नाही म्हणतात. त्या दिवशी शूटिंग मधेच थांबलं होतं, म्हणून बावा वेशातच होते. तेवढा एक अपवाद झाला. बावा शेवटी दोन ओळी लिहितो म्हणतात.

तुझा,
वेंकटरत्नम

(कोटेश्वरी, तुझा भाऊ तुझ्याहून भित्रा आहे. इकडे मी राजा आहे. पेद्दय्या निर्मात्याला म्हणालेत, ह्या माणसाचा चेहरा दिसेल असं एक दृश्य घाला, दोन वाक्यं द्या, नाहीतर घर मिळणार नाही. सतरा वर्षं पडद्यावर माझी पाठ आहे. आता बाळाला बापाचं तोंड दिसेल. वाळवलेले आवळे पाठव. — शेषू)

•

तेनाली
२३ फेब्रुवारी १९९०

रत्नम,

अक्षर फार चांगलं आलंय तुझं.

काल आठ आण्यांच्या मोगऱ्याची पुडी सोडली, तर आतल्या वर्तमानपत्रात चिन्नकोटाल्याचं नाव. 'ट्रॅक्टरचालकाची कालव्यावर निर्घृण हत्या.' तुझा तो धावसंख्या सांगणारा मद्दिलेटी. ही तुझी 'एक मयत झाली होती' का? म्हाताऱ्याला खोकला झाला असं लिहायचंस तसं लिहिलंस.

रागावत नाही. तू घाबरलास की नीटनेटका होतोस, लहानपणापासून. पण आता मी विचारते त्याचं उत्तर दे, आणि दुसरं काही सजवू नकोस.

जीपमध्ये कोण कुठे बसतं? तुझे बावा कुठल्या सीटवर बसले होते? आणि पेद्दय्या कुठे होते?

परतीच्या टपालाने लिही.

अक्का

•

चिन्नकोटाला
मंगळवार, २७ फेब्रुवारी १९९०, सकाळी ७ वाजता, रंगपटात, दार आतून लावून

अक्का,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. उत्तर देतो.

बावा पुढच्या सीटवर बसले होते, ड्रायव्हरच्या डावीकडे, एकटेच. मागे कोयते घेऊन दोन माणसं. पेद्दय्या जीपमध्ये नव्हते. ते आमच्या मेकअपच्या मॅटाडोरमध्ये होते, जीपच्या दोनशे पावलं मागे, दिव्यांच्या पेटीवर बसून. अंगात लाइटमनचा खाकी सदरा, डोक्यावर मी लावलेला टोप. मिशी ते उतरवत नाहीत. मिशी काढली की गंगुलप्पाला भ्याला असं गाव म्हणेल. म्हणून दाढदुखीच्या माणसासारखा मफलर जबड्याभोवती गुंडाळला. सदरा आणि मफलर मस्तान वलीचा. मस्तान वली आमचा लाइटमन, प्रोद्दटूरचा, चार मुलींचा बाप, फार सरळ माणूस. पेद्दय्यांचा चेहरा काळा मी केला. ते म्हणाले, "गंमत करू, देवळात कुणी ओळखतं का बघू." मला गंमत वाटली. खरंच वाटली, अक्का. तू विचारेपर्यंत मी सीटचा विचारच केला नव्हता.

आता मद्दिलेटीचं सांगतो. तो त्या गुरुवारी सकाळी आठ वाजता पेद्दय्यांची मोटारसायकल घेऊन कालव्यावर गेला होता. अंगावर पेद्दय्यांचा जुना सदरा होता. अकरा वाजता मला वाड्यामागे बोलावलं. मेकअपची पेटी घेऊन ये म्हणाले. गोठ्यात तो दोन पोत्यांवर ठेवला होता, आणि पोती दोन होती कारण तो दोन जागी होता. त्याची आई येणार होती. पेद्दय्या म्हणाले, "चेहरा दाखवण्यासारखा कर." गालाची भेग मी मेणाने भरली. डावा कान मिळाला नाही, म्हणून त्या बाजूला फुलं ठेवली. मानेवर पंचा गुंडाळला, घट्ट, आणि खाली उशी दिली, डोकं घरंगळू नये म्हणून. आई आली. त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "झोपल्यासारखा दिसतोय." माझ्या रंगाचा डाग तिच्या बोटांना लागला. पेद्दय्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी गोठ्यामागे जाऊन ब्रश धुतले.

काल मी बावांना सीटबद्दल विचारलं. ते आरशात बघत होते.

"तुला आज कळलं होय?" ते म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी कळलं. पेद्दय्यांनी स्पष्ट विचारलं. मी हो म्हणालो."

"बावा, ते कापतील तुम्हाला!"

"कापतील तर पेद्दय्या समजून कापतील. शेषू समजून आजवर कुणी थोबाडीतसुद्धा मारली नाही. तोंडाचं दृश्य मंगळवारी आहे, सहा तारखेला. दोन वाक्यं पाठ झालीत माझी. त्याआधी सोमवारी नंद्यालच्या कोर्टात पेद्दय्यांची तारीख आहे, तेवढी एक फेरी. झाली की संपलं."

"मी मिशी लावणार नाही."

"मग दुसरा कुणीतरी वाकडी लावेल. वाकड्या मिशीने मरू का मी?"

निर्मात्याला सांगितलं तर तो म्हणाला, घर सोडायला लागलं तर चित्र बुडेल, तू पोर आहेस, गप्प बस. पोलीस ठाण्याच्या ओसरीवर पेद्दय्यांची माणसं पत्ते खेळत बसतात. सोमवारी, ५ मार्चला, सकाळी नऊ वाजता निघायचं आहे. मी काय करू, लवकर सांग.

वेंकटरत्नम

•

तेनाली
२ मार्च १९९०

रत्नम,

टपालाने हे वेळेवर पोचणार नाही. विजयवाड्याहून तुमच्या कपड्यांची पेटी घेऊन जो माणूस निघतोय, त्याच्या हाती देते. मिळाल्यावर जाळून टाक.

मी येऊ शकत नाही. दाईने अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलंय. तुझे बावा ऐकणार नाहीत, आणि तू पळ म्हणून सांगितलं तर ते एकटे जातील. म्हणून असं कर.

मिशी लावायच्या आधी ओठाला एरंडेलाचं बोट फिरव. अगदी पुसट. चकाकता कामा नये. त्यावर गम लाव, मग जाळी. नान्नांनी एकदा पैसे बुडवणाऱ्या भीमाला असंच केलं होतं, आठवतं? आठ वाजता घाम फुटला आणि गदा उचलता उचलता मिशी हनुवटीवर आली. लोक अर्धा तास हसत होते.

सात वाजता लाव. उन्हात उभं कर. निघायच्या आत घाम फुटेल आणि सगळ्यांसमोर ओसरीवर मिशी खाली येईल. अशा माणसाला पेद्दय्या कोर्टात नेणार नाहीत. तुला दोन थपडा पडतील, त्या खा. तुझ्या बावांची फजिती होईल, ती होऊ दे. ते माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल.

हात कापू देऊ नकोस.

अक्का

•

कर्नूल, सरकारी दवाखाना, पुरुषांचा वॉर्ड, खाट १९ च्या पायथ्याशी
गुरुवार, ८ मार्च १९९०, सकाळी १० वाजून ४० मिनिटे

अक्का,

तार मिळाली असेल. बावा जिवंत आहेत. उजवा हात कोपराखाली नाही. ताप उतरतोय. काल सायंकाळी पाणी मागितलं आणि 'कोटेश्वरी' म्हणाले. हे पहिल्यांदा लिहिलं, कारण तू बाकीचं नंतर वाचशील.

मी तू सांगितल्याप्रमाणेच केलं. सोमवारी सात वाजता एरंडेल लावलं, पुसटच. बावांना उन्हात उभं केलं. साडेसात, आठ, साडेआठ झाले. मी दर पाच मिनिटांनी ओठाकडे बघत होतो. मिशी हलली नाही. अक्का, इथे घाम येत नाही. ऊन तेनालीपेक्षा जास्त आहे, पण हवा कोरडी ठाक. घाम फुटायच्या आतच वाळतो, कपाळावर फक्त मीठ राहतं. पंचवीस दिवस इथे राहून हे मला कळायला हवं होतं. मी मिशीकडेच बघत राहिलो, हवा बघितली नाही.

नऊ वाजून पाच मिनिटांनी जीप निघाली. पुढे बावा. मागे मॅटाडोरमध्ये ड्रायव्हर, मी, मस्तान वली, आणि मस्तानच्या खाकी सदऱ्यात पेद्दय्या. मफलर बांधलेला. पेद्दय्या खूश होते. मस्तानला म्हणाले, "तुझ्या सदऱ्याला तेलाचा वास येतो रे, बायको जवळ कशी येते?" मस्तान म्हणाला, "चार मुली झाल्या, पेद्दय्या. तुम्हीच बघा." मीसुद्धा हसलो.

कालव्याच्या मोरीवर दगडी फरश्यांची बैलगाडी आडवी होती. जीप थांबली आणि पहिला बॉम्ब तिच्या बॉनेटवर पडला. दुसरा आत. मागची दोन माणसं उठलीच नाहीत. ड्रायव्हर स्टिअरिंगवर होता, त्याचं तोंड नव्हतं. धुरातून माणसं आली. अकरा होती. आमचा ड्रायव्हर दार उघडून कापसाच्या शेतात पळाला. मी पळालो नाही. 

त्यांनी बावांना केस धरून बाहेर ओढलं. बावांनी उजवा हात वर केला. कोयता हातावर आला. आवाज ओल्या लाकडावर यावा तसा. हात मोरीच्या कठड्यापाशी जाऊन पडला, बोटं मिटलेली. दुसरा वार मानेवर यायचा होता. कोयता वर गेलेला मी पाहिला. आणि तेव्हा बावांना घाम फुटला. अक्का, दोन तास उन्हात न आलेला घाम त्या एका क्षणात आला. मिशी एका बाजूने सुटली आणि ओठावरून लोंबायला लागली.

कोयता धरणारा बावीस-तेवीसचा असेल. तो थांबला. त्याने दोन बोटांनी मिशी ओढून काढली, बघितली आणि हसला.

"अरे, हे सोंग आहे! हे त्या सिनेमावाल्यांचं सोंग आहे!"

मग ते मॅटाडोरपाशी आले. आम्हा तिघांना खाली उतरवलं. पेद्दय्या मान खाली घालून गाल धरून उभे होते. माझ्या बोटांना गम लागलेला होता, तो त्या पोराने पाहिला.

"मेकअपवाला तू का? ही मिशी तू लावलीस?"

मी मान हलवली.

"मग खऱ्याचं काय केलंस? सांग. नाहीतर ह्या सोंगाचं मुंडकं तुझ्या पेटीत भरून देतो." बावा रस्त्यावर गुडघ्यांवर होते. एकाने त्यांच्या मानेवर पाय ठेवला होता. रक्त धुळीत जात होतं, आणि मी मनात हिशेब करत होतो की इतकं रक्त गेलं तर किती मिनिटं उरतात.

मी बोट वर केलं.  ते पेद्दय्यांकडे नेलं.

पेद्दय्यांनी मफलर सोडला. मिशीला एकदा पीळ दिला. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढी बरी लावली होतीस रे." त्यांनी हात वर केला नाही, तो खालीच ठेवला. पहिला वार खांद्यावर, मग मानेवर. चौदापर्यंत मोजलं. पुढे मोजता आलं नाही. मस्तान वली माझ्याशेजारी होता. त्याच्या बनियनवर उडालं, माझ्या चष्म्यावर उडालं. ती माणसं निघाली तेव्हा त्या पोराने मिशी माझ्या खिशात घातली.

मी पंच्याने बावांचा हात दंडाशी आवळला. मस्तानने मॅटाडोर चालवला. त्याला चालवता येत नाही. तरी नंद्यालपर्यंत आणला.

वाटेत तो एवढंच म्हणाला, "मी काही पाहिलं नाही, रत्नम. तूही पाहिलं नाहीस."

बावांना वाटतं, पोलीस आले म्हणून ते वाचले. त्यांना काही सांगू नकोस.

वेंकटरत्नम

•

तेनाली
१२ मार्च १९९०

रत्नम,

पत्र वाचून चुलीत घातलं. राख सासूबाईंना दिसू दिली नाही.

ऐक. ते बोट तुझं नव्हतं, माझं होतं. एरंडेल मी सांगितलं. तेनालीच्या घामाचा हिशेब कर्नूलच्या उन्हाला मी लावला. ज्याला धरायचं त्याने मला धरावं. तुझ्या मनात हे बसव.

तुझे बावा एका हाताचे का असेनात, घरी येताहेत. मी आता दुसरं काही मागत नाही. पण काल कपड्यांच्या पेटीचा तोच माणूस येऊन गेला. तो म्हणतो, पेद्दय्यांच्या मुलाने मस्तान वलीला धरून ठेवलंय, गोठ्यात. बापाच्या अंगावर मस्तानचा सदरा होता, म्हणजे खबर मस्ताननेच विकली, असं तो म्हणतो. दोन बोटं मोडली. मस्तान एकच सांगतो, मी काही पाहिलं नाही. तेराव्याला काय ते करू, असं मुलगा म्हणालाय.

तुझ्या कानावर हे आलंच असेल. म्हणून लिहिते. तू तिकडे जायचं नाहीस. मला त्या चार मुली दिसतात, दिसत नाहीत असं नाही. पण मी तुला वाढवलंय, त्यांना नाही. मी वाईट बाई आहे, असू दे. शेषूंना घेऊन पहिल्या बसने निघ.

आणि इथून पुढे पत्रात काही लिहू नकोस. टपाल फुटतंय असं म्हणतात. माझ्या बांगड्या शेटजीकडे ठेवल्यात. किती लागले आणि किती द्यायचे राहिले, तेवढंच लिही, पैपैशासकट. दुसरा एक शब्द नको.

अक्का

•

कर्नूल
शुक्रवार, १६ मार्च १९९०, सकाळी ५ वाजून ५० मिनिटे, बसस्थानक

अक्काच्या पायाशी नमस्कार. सांगितल्याप्रमाणे फक्त हिशेब.

लागले:
रक्त, दोन बाटल्या — १८० रुपये
इंजेक्शनं व गोळ्या, अकरा दिवसांची — ३१२ रु. ५० पैसे
कापूस, पट्ट्या, डेटॉल — ४६ रु. २५ पैसे
वॉर्डबॉय, दोघे मिळून — ४० रुपये
तार — ९ रुपये
बावांचं दूध, पाव, संत्री — ६१ रुपये
माझं जेवण — २२ रुपये
बावांचा नवा सदरा, उजवी बाही शिवून बंद करवलेली — ३८ रुपये
कर्नूल ते तेनाली बस, तिकीट एक, खिडकीजवळचं — ४१ रुपये
कंडक्टरला, बावांना उतरवून रिक्षात बसवण्यासाठी — ५ रुपये
कर्नूल ते चिन्नकोटाला बस, तिकीट एक — ७ रु. ५० पैसे
एकूण — ७६२ रु. २५ पैसे

येणे: युनिटकडून माझा रोज, सव्वीस दिवसांचा, ३९० रुपये. बावांचा ६५० रुपये. दोन्ही पावत्या बावांच्या सदऱ्याच्या खिशात आहेत. बावांनी स्वतः नेऊन मागावेत.

देणे: दवाखान्याजवळच्या औषधवाल्याचे ५४ रुपये, मनिऑर्डरने पाठव.
मस्तान वली यांचा खाकी सदरा एक, मफलर एक. हे पोलिसांकडे आहेत, मिळणार नाहीत. किंमत लावून त्यांच्या घरी, प्रोद्दटूरला, थोरल्या मुलीच्या नावाने पाठव.
त्यांचं बाकीचं देणं मी स्वतः देतो.